उतरल्याशिवाय समुद्र नाही

कोकण रेल्वेच्या सहलीचं चित्र रंगवताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र असतो. मुंबईहून मडगावला निघालेले हौशी प्रवासी त्यासाठीच उजव्या हाताची खिडकी धरून बसतात. प्रत्यक्षात रोहा सोडल्यापासून सावंतवाडी येईपर्यंत त्या खिडकीतून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. नद्या दिसतात, खाड्यांची आत शिरलेली टोकं दिसतात, भातखाचरं, कलमांच्या बागा, जांभ्याचे उभे कापलेले कडे दिसतात. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर धावणाऱ्या या मार्गाचे सुमारे 84 किलोमीटर बोगद्यांत जातात, म्हणजे दर नऊ किलोमीटरांतला एक अंधाराचा. डोंगर आणि किनारा एकाच तिकिटात पाहायला निघालेल्या माणसाला हे आधी कुणी सांगत नाही. सांगायला हवं, कारण सहल कशी आखायची ते त्यावरच ठरतं. या रेल्वेने पायथ्याचं कोकण खिडकीत आणून दिलं आणि किनाऱ्याचं कोकण स्टेशनाच्या पलीकडे राहू दिलं. ते पाहायचं तर मध्ये कुठेतरी उतरायलाच हवं. माझं म्हणणं असं आहे की कोकण रेल्वेच्या पर्यटनाचा आजचा सगळा भर खिडकी मोठी करण्यावर आणि गाडी वेगवान करण्यावर आहे, आणि तो चुकीच्या जागी आहे. तो असायला हवा थांबणाऱ्या गाडीवर, लहान स्टेशनांवर आणि स्टेशनातून गावात नेणाऱ्या एसटीवर.

समुद्र का दिसत नाही, याचं उत्तर जमिनीत आहे. कोकणातली माणसं आपल्या मुलखाचे दोन पट्टे मानतात, किनाऱ्यालगतची खलाटी आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडची वलाटी. सह्याद्रीत उगवलेल्या नद्या फार लांब वाहत नाहीत, पण खलाटीत पोहोचेपर्यंत त्यांच्या रुंद खाड्या होतात. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची. मुखापाशी यांतली कुठलीही ओलांडायची तर प्रचंड पूल हवा, आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याची पठारं, म्हणजे सडे, थेट समुद्रात तुटलेले. किनाऱ्याने वाट काढणं किती कठीण आहे याचा पुरावा आजही समोर आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासूनची, म्हणजे 40 वर्षांपेक्षा जुनी. त्यावरच्या मोठ्या खाड्यांवरचे पूल अजून पुरे झालेले नाहीत, आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ इथे मोटारी फेरीबोटीतूनच पलीकडे जातात. रेल्वेची आखणी करणाऱ्यांनी शहाणपणाने आतली वाट धरली आणि खाडी जिथे आकसून पुन्हा नदी होते तिथे ती ओलांडली. म्हणून कोलाडला कुंडलिका, वीरच्या पुढे सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी अशा नद्या एकीमागून एक भेटत जातात. आणि म्हणूनच गुहागर चिपळूण स्टेशनापासून 40 किलोमीटरच्या पलीकडे, मालवण कुडाळहून 30 किलोमीटरच्या आसपास, गणपतीपुळे रत्नागिरीहून तेवढ्याच अंतरावर राहतं. गोव्यात तर नव्वदच्या दशकात आखणीवरून मोठं आंदोलन झालं. खाजन जमिनी आणि जुनी वस्ती वाचवण्यासाठी लोकांनी मार्ग आणखी आत न्यायची मागणी केली आणि काही काळ काम थांबलं. रेल्वे समुद्रापासून दूर आहे यात कोकणचं काही बिघडलं नाही, उलट किनारा बराचसा तिच्या धडधडीपासून वाचला.

दुसरं कारण वेगाचं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि ताशी 160 किलोमीटरचा वेग पेलेल अशी ब्रॉडगेज बांधायची असं ठरलं. वळणाची त्रिज्या 1,250 मीटरच्या खाली जायची नाही, चढ 150 मीटरला 1 मीटरच्या वर जायचा नाही. एवढे कडक नियम पाळायचे तर डोंगराला वळसा घालता येत नाही, तो फोडावाच लागतो. बोरघाटातली गाडी 1863 पासून 37 ला 1 असा चढ मागे बँकर इंजिनं लावून चढते आहे. 1907 ची माथेरानची छोटी गाडी 20 ला 1 चढते. जुन्या घाटरेल्वेत प्रवाशाला जो देखावा मिळतो तो इंजिनाच्या मर्यादेने दिलेला असतो. गाडीला सरळ चढता येत नाही, म्हणून ती डोंगराच्या अंगाअंगाने फिरते आणि एकच दरी पुन्हापुन्हा, दर वेळी थोड्या वरून दाखवते. दार्जिलिंग, निलगिरी, स्वित्झर्लंडमधला बर्निनाचा मार्ग या साऱ्यांचं सौंदर्य अशाच नागमोडी वाटेतून आलेलं आहे. कोकण रेल्वे त्या घराण्यातली नाही. ती देखावा धरते आणि लगेच सोडून देते. रत्नागिरी आणि निवसर यांच्या दरम्यानचा पानवल नदीवरचा पूल घ्या. 64 मीटर उंच, 424 मीटर लांब. एका टोकाला काँक्रीटचे भाग ओतत आणि पुढे ढकलत तो दरीवर नेला, आणि या पद्धतीने झालेला तो भारतातला पहिला मोठा पूल. गाडीचा वेग ताशी 120 किलोमीटर असेल तर तो पूल साधारण 13 सेकंदांत संपतो. वेग 75 असेल तर 20 सेकंद लागतात. शेजाऱ्याला खिडकीकडे बोलवेपर्यंत दरी मागे जाते. उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा मात्र 75 च्या वेगाने पाच मिनिटांपेक्षा जास्त चालतो.

आता 2017 मध्ये दादर-मडगाव जनशताब्दीला जोडलेल्या व्हिस्टाडोम डब्याचा विचार करू. मोठ्या काचा, काचेचं छत, फिरणाऱ्या खुर्च्या. डबा सुरेख आहे, त्याला मागणीही भरपूर आहे, आणि त्याने कोकणच्या वाटेकडे केवळ गोव्याला जायची वाट म्हणून न पाहता पाहण्याजोगी गोष्ट म्हणून पाहायला शिकवलं, हे त्याचं श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं. पण काचेचं छत उंच पर्वतराजीतून हळूहळू वर चढणाऱ्या गाडीसाठी शोभतं. इथे सह्याद्रीचा कणा पूर्वेला बराच दूर असतो आणि गाडी त्याच्या पायथ्याच्या टेकड्यांतून जाते. छतातून वर पाहिलं की बराच वेळ दिसतात ते कटिंगच्या भिंती आणि दरडी धरून ठेवण्यासाठी त्यांच्यावर ठोकलेल्या लोखंडी जाळ्या. त्या जाळ्याही बघण्यासारख्या आहेत. वर तांबूस सच्छिद्र जांभा, त्याखाली पाणी प्यायली की सुटणारी मऊ माती, आणि तळाशी काळा कातळ असा कोकणचा सगळा थर त्या भिंतीत एका नजरेत येतो, आणि या मार्गावर दरडी का येतात हेही तिथेच कळतं. पण ते कुणी समजावून सांगत नाही. डब्यातला माणूस मडगावला उतरतो आणि समुद्र पाहण्यासाठी पुढे कोलव्याला किंवा बाणवलीला जातो. म्हणजे डोंगर रायगड-रत्नागिरीचा, किनारा गोव्याचा. सिंधुदुर्ग जिल्हा 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. त्याचा किनारा या सगळ्या व्यवहारात खिडकीबाहेर, क्षितिजापलीकडे राहून जातो.

हे समजून घ्यायला रेल्वेच्या आधीचा प्रवास आठवायला हवा. सत्तर-ऐंशीच्या दशकापर्यंत कोकणचा खरा हमरस्ता समुद्र होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी किनाऱ्याने खाली जायच्या, आणि कोकणसेवक, कोकणशक्ती ही नावं जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. बोट बंदराच्या बाहेर उभी राहायची आणि माणसं सामानसुमानासह पडावात उतरून किनारा गाठायची. त्या प्रवासात जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला ही गावं पाण्याच्या बाजूने दिसायची, ज्या बाजूने ती वसली त्याच बाजूने. आणि त्यांच्या मागे, स्वच्छ दिवशी, सह्याद्रीची निळी रेघ. डोंगर आणि किनारा एका नजरेत दाखवणारा प्रवास तो होता. फक्त पावसाळ्यात तो बंद असे. समुद्र खवळला की बोटी थांबत आणि कोकणचा एक दरवाजा चार महिने लागून जाई. 26 जानेवारी 1998 पासून रोहा ते मंगळूर सलग गाडी धावू लागली आणि ही स्थिती पार उलटली. रेल्वेने समुद्राची बाजू गमावली, पण पावसाळा मिळवला. बोटीच्या प्रवाशाला जे कोकण कधी दिसलं नसतं ते जुलैचं कोकण, लावणी चाललेली, ओढे रस्त्यावर आलेले, सड्यांवर गवत आणि रानफुलं उगवलेली, ते आज तिकीट काढून कुणालाही पाहता येतं. या रेल्वेचं पर्यटन कशावर उभं करायचं याचा इशारा इथेच आहे. तिच्याकडे जे अद्वितीय आहे ते समुद्रदर्शन नव्हे, पाऊस आहे.

पावसाळ्यात ही रेल्वे स्वतःला हळू करते. वर्षानुवर्षं 10 जूनपासून 31 ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असे. 2025 मध्ये ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असं आखडलं. या काळात वेगावर बंधनं येतात, आणि पाऊस फार झाला, समोरचं दिसेनासं झालं तर गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर न्यायची नाही असा चालकांना आदेश असतो. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी आठ तासांच्या आत पोहोचते, पावसाळ्यात तिला दहा तासांच्या आसपास लागतात आणि ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. पर्यटनाच्या हिशेबात हा तोटा धरला जातो. मला तो या मार्गाचा सर्वांत मोठा ठेवा वाटतो. वेगासाठी सरळ केलेल्या या वाटेला घाटरेल्वेचा संथपणा वर्षातून चार महिने परत मिळतो. पानवलचा पूल त्या काळात खरोखर पाहता येतो. आणि हा संथपणा फार मोठी किंमत मोजून आलेला आहे. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी घसरली, 50 हून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 16 जून 2004 ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरून पुलावरून खाली गेली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी करणं, जाळ्या, भिंती, पाणी वाहून नेणारे चर यांवर वर्षानुवर्षं काम झालं. माणगाव-वीर दरम्यान काळ नदी, वीर-सापेवामणे दरम्यान सावित्री, चिपळूण-कामथे दरम्यान वाशिष्ठी या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रं आहेत. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावती या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजला जातो.

यंत्रांपेक्षाही हा मार्ग पावसात माणसं राखतात. दर पावसाळ्यात 600 पेक्षा जास्त गस्तवाले रुळांवर असतात. एकेकाला ठरलेला टापू, रात्रपाळी, अंगावर रेनकोट, हातात टॉर्च, झेंड्या, शिट्टी, आणि धोका दिसला तर गाडी येण्याआधी रुळावर बसवायचे आवाजाचे फटाके. त्याने चालता चालता पाहायचं असतं ते असं: कटिंगच्या वरून येणारं पाणी नेहमीच्या चरातून येतंय की नव्या जागेतून फुटलंय, ते स्वच्छ आहे की गढूळ, कारण गढूळ पाणी म्हणजे आतली माती सुटू लागली, जाळीच्या पोटाला दगड साचून फुगा आलाय का, रुळाखालची खडी एखाद्या ठिकाणी धुऊन गेलीय का. नेमक्या अवघड कटिंगपाशी तर चोवीस तास पहारा असतो. ज्याला कोकण रेल्वेने पावसात सहल करायची आहे त्याने गाडी उशिरा आली म्हणून कुरकुरण्याआधी या माणसाचं काम समजून घ्यावं. धोक्याचा आक्षेप खरा आहे आणि त्याला खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या बंद पडल्या, आणि काही दिवसांतच खेडजवळ दिवाणखवटीला दरड येऊन मार्ग पुन्हा रोखला गेला. पेडण्याचा तो बोगदा मऊ मातीतला. संपूर्ण मार्गात सर्वांत शेवटी पुरा झालेला, दीड किलोमीटरपेक्षा थोड्याच जास्त लांबीचा असूनही सहा वर्षं खाणारा. अशा मार्गावर पावसात जाणाऱ्याने हातात एक दिवस मोकळा ठेवून निघावं आणि परतीच्या गाडीला लागून विमान किंवा महत्त्वाचं काम ठेवू नये. वाट थांबली तर थांबायची तयारी ज्याची आहे त्याला ही सहल जमते. आणि थांबणं स्टेशनजवळच्या गावात, ओळखीच्या झालेल्या घरात झालं तर तो त्रासही उरत नाही. रखडलेल्या गाडीच्या बंद काचेआड मात्र तो फार होतो.

उतरायचं म्हणजे काय मिळतं, हे उक्षीच्या उदाहरणाने सांगतो. संगमेश्वर आणि रत्नागिरीच्या मधलं हे लहानसं स्टेशन. मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत. पावसात मार्गाला लागूनच रानपाटचा धबधबा कोसळत असतो. पुढे-मागे बोगदे असल्यामुळे धावत्या गाडीतून तो क्षणभर डोळ्यांपुढे येतो, त्याच्या पाण्याचा आवाज काचेच्या डब्यात पोहोचतही नाही. याच उक्षी गावच्या सड्यावर हत्तीचं भलंमोठं कातळशिल्प आहे. माणसाने जांभ्याच्या उघड्या कातळावर रेघा कोरून काढलेली ही चित्रं रत्नागिरी-राजापुरात जागोजागी सापडली आहेत, आणि 2022 मध्ये त्यांतली निवडक ठिकाणं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीच्या गावकऱ्यांनी त्या हत्तीभोवती दगडी गडगा घालून तो राखला. असं चित्र कुठल्याही खिडकीतून दिसणं शक्य नाही, कारण ते जमिनीवर आडवं आहे. त्याच्या कडेने चालत गेल्याशिवाय सोंड कुठे आणि पाय कुठे हे उमगत नाही. उक्षीला पॅसेंजर थांबते. तिने येऊन सकाळचा धबधबा लांबूनच पाहायचा, दुपारी सड्यावर जायचं, रात्री गावात राहायचं आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरी गाठून किनाऱ्याला लागायचं, असा दोन दिवसांचा मुक्काम कुठल्याही सहल कंपनीला विकता येईल इतका सोपा आहे. अडवली, विलवडे, निवसर, सापेवामणे, कामथे अशा कितीतरी स्टेशनांच्या आसपास काही ना काही तसंच आहे: नदीकाठची देवराई, पांडवकालीन म्हणून सांगितलं जाणारं देऊळ, भातशेतीतून जाणारी पाखाडी.

पण तिथे पोहोचवणारी गाडी कुठली, हा प्रश्न आला की गाडं अडतं. वीरच्या पुढे हा मार्ग आजही एकेरी आहे. रोहा ते वीर एवढाच दुहेरी झाला, तोही 2021 मध्ये. एकेरी मार्गावर एक गाडी स्टेशनच्या लूपमध्ये उभी करून दुसरीला वाट द्यावी लागते, आणि उभी राहायची पाळी नेहमी पॅसेंजरवर येते. राजधानी जाते, वंदे भारत जाते, मालगाडीलाही कधी पुढे काढलं जातं, आणि पॅसेंजरमधली माणसं फलाटावर उतरून हात-पाय मोकळे करत राहतात. सहलीला निघालेल्याला ते आवडेलही; रोजच्या माणसाला ते छळतं. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडच्या काळापासून दिव्याहून सुटते, त्यामुळे मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याला आधी लोकलची गर्दी तुडवून दिवा गाठावा लागतो. दिवसा धावणारी मांडवी एक्स्प्रेस बऱ्याच स्टेशनांवर थांबते, तिच्यातलं खाणंही नावाजलेलं आहे. तशा आणखी दोन दिवसाच्या गाड्या मिळाल्या तर कोकणच्या पर्यटनाचं चित्र बदलेल असं माझं मत आहे. काचेचे आणखी दहा डबे आले तरी ते बदलणार नाही.

यावर सर्वांत रास्त आक्षेप कोकणातूनच येईल. पॅसेंजरचा जनरल डबा आधीच ओसंडून वाहतो. त्यात हौसेने हिंडणाऱ्यांची भर कशाला? ही रेल्वे कोकणच्या माणसाने मागून घेतलेली आहे. बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. सुमारे 42,000 जमीनमालकांच्या जमिनी तिच्यासाठी गेल्या. महामंडळाच्या भांडवलात केंद्राबरोबर महाराष्ट्राने 22 टक्के, कर्नाटकाने 15, गोवा आणि केरळने 6-6 टक्के वाटा घातला. गणपतीला गावी जाणाऱ्याचं तिकीट आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत वेटिंगवर जातं. 2025 च्या गणेशोत्सवासाठी रेल्वेने 380 विशेष फेऱ्या जाहीर केल्या, त्यांतल्या बहुतेक महाराष्ट्र आणि कोकणासाठी, तरी गाड्या तुडुंब गेल्या. म्हणून माझ्या म्हणण्यात एक अट पहिल्यापासून आहे: गणपती, शिमगा आणि मे महिना हे दिवस चाकरमान्यांचे, पर्यटकांनी त्या दिवसांत या मार्गावर येऊ नये. जुलैचा सगळा महिना आणि गणपतीनंतरचे आठवडे मोकळे असतात, आणि कोकण तेव्हाच सर्वांत देखणं असतं. पण आक्षेपाचा दुसरा भाग मी मानत नाही. चाकरमानी आणि पर्यटक यांचं हित इथे एकमेकांविरुद्ध नाही. दोघांनाही मधल्या स्टेशनवर थांबणारी, दिवसा धावणारी, परवडणारी गाडी हवी आहे. दोघांचा आवाज एक झाला तर ती मिळण्याची शक्यता वाढते. वेगवान गाड्यांनी मात्र दोघांनाही बाजूला सारलं आहे. मोटारी वाहून नेणाऱ्या रो-रो सेवेचंच पाहा: 2025 च्या गणपतीसाठी ती आधी कोलाड ते वेर्णा अशी थेट जाहीर झाली, आणि सिंधुदुर्गच्या लोकांसाठी नांदगाव रोडचा थांबा मागाहून जोडावा लागला.

वेगवान, महागड्या गाड्यांमुळे पैसेवाला पर्यटक येतो आणि त्याच्यामुळे रोजगार होतो, असंही म्हटलं जातं. वंदे भारत खेड, रत्नागिरी, कणकवलीला थांबते, हे खरं आहे, आणि म्हणून ती नको असं मी म्हणत नाही. पण तिच्यातून उतरणारा माणूस बहुधा आधीच ठरवलेल्या मोटारीने थेट किनाऱ्यावरच्या हॉटेलात जातो. लहान स्टेशनाभोवतालच्या वाड्यांना, न्याहारी-निवास चालवणाऱ्या घरांना, स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला काही द्यायचं तर माणूस तिथे उतरला पाहिजे. स्वित्झर्लंडचं उदाहरण इथे अनेकदा अर्धवट दिलं जातं. बर्निना मार्गावर काचेची खास गाडी धावते, तशीच त्याच रुळांवरून दर थोड्या वेळाने गावोगाव थांबणारी साधी गाडीही धावते, आणि लहान स्टेशनबाहेर पोस्टाची पिवळी बस गाडीच्या वेळेला उभी असते. 1982 पासून त्या देशात रेल्वेचं वेळापत्रक ठराविक अंतराच्या ठोक्यावर बांधलेलं आहे, बसचं त्याला जुळवलेलं आहे. स्कॉटलंडमध्ये 1901 मध्ये मालेगपर्यंत गेलेली रेल्वे डोंगरांतून जात बंदरावर संपते, आणि स्टेशनातून चालत जाण्याइतक्या अंतरावर स्काय बेटाला नेणारी फेरीबोट मिळते. दोन्हीकडे देखाव्याला अर्थ आला तो गाडीच्या पुढच्या सोयीमुळे.

गर्दीची भीतीही बोलून दाखवायला हवी. लहान गावांत पर्यटक शिरले की कचरा, दारूच्या बाटल्या, धबधब्यात बुडून मृत्यू, हे सगळं आपण दर पावसाळ्यात वाचतो. दूधसागरला जुलै 2023 मध्ये शेकडो तरुण गाडीतून उतरून रुळांवरून चालत धबधब्याकडे निघाले, पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या, आणि रेल्वेने तिथे उतरण्यावरची बंदी पुन्हा जाहीर केली. रुळांवर चालणं हा गुन्हा आहे आणि बोगद्यांच्या, पुलांच्या कोकण रेल्वेवर तर ते जिवावरचं आहे. उतरायचं म्हणजे फलाटावरच उतरायचं, त्याला दुसरा अर्थ नाही. पण दूधसागरची झुंड तयार झाली ती एकाच जागेचं चित्र लाखो मोबाइलवर फिरल्यामुळे. एकाच धबधब्यावर सगळे लोटतात तेव्हा गाव चिरडलं जातं. तीच माणसं वीसेक स्टेशनांत विखुरली, रात्री गावात राहिली, तर कुणाच्या घरी उतरलोय याचं भान त्यांना राहतं आणि गावालाही त्यांना दोन गोष्टी बजावता येतात. उक्षीच्या लोकांनी गडगा घालून कातळशिल्प राखलं. किती माणसं आणि कशी येतील हे ठरवायचा अधिकारही त्यांचाच असावा, ग्रामपंचायतीने ठरवलेली माणशी फी आणि वाटाड्या सक्तीचा असावा, असं मला वाटतं.

राहिला तो सर्वांत व्यावहारिक अडथळा. लहान स्टेशनवर उतरल्यावर पुढे जायचं कसं? बरीच स्टेशनं गावापासून, बाजारपेठेपासून दूर, माळावर किंवा दोन टेकड्यांच्या बेचक्यात आहेत. खुद्द रत्नागिरीचं स्टेशनही शहराबाहेर आहे, आणि राजापूर, सावंतवाडीची तर चांगलीच लांब. एसटीच्या फेऱ्या तालुक्याचं गाव, शाळा आणि बाजार यांभोवती आखलेल्या असतात, ते योग्यच आहे. पण त्यांतल्या काहींची वेळ गाडीला जुळवणं अवघड नाही, कारण रेल्वेचं वेळापत्रक वर्षातून दोनदा, जाहीर केलेल्या तारखांना बदलतं. 2025 मध्ये महाराष्ट्रानेही कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. दुहेरीकरणाला त्यातून पैसा मिळेल अशी आशा आहे, पण दुसरा रूळ पडायला, नवे बोगदे खणायला वर्षं जातील. तेवढं थांबायची गरज नाही. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या सहा आगारांनी येत्या जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागू होईल त्या दिवसापासून आपापल्या हद्दीतल्या दोन-दोन स्टेशनांना पॅसेंजर आणि मांडवीच्या वेळेची एक फेरी द्यावी, ती पुढे किनाऱ्यापर्यंत न्यावी, आणि तिची वेळ गाडीच्या डब्यात व फलाटावर मराठीत लावावी. ऑक्टोबरात वेळापत्रक पुन्हा बदलेल तेव्हा किती माणसं त्या फेरीने गेली याची नोंद आगाराकडे असेल, आणि पुढच्या वर्षी कुठली फेरी ठेवायची ते त्यावरून ठरवता येईल.